वाचणारीची मूठ

आईची ट्रंक रिकामी करताना तळाशी माझी फ्रेंचची वही सापडली. वर गुलाबी पत्रकाचं कव्हर, त्यावर अजून वाचता येणारी एक ओळ : आमच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत. त्याखाली निळ्या शाईत माझं नाव, आणि नावाखाली त्या वयाच्या ऐटीत ओढलेली एक रेघ. वही उघडली तर तिनं आधी वास सोडला, मग अक्षरं दाखवली.

तो वास निपाणीबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. कोल्हापूरकडून येणारी एसटी गावात शिरली की परगावचे प्रवासी शिंकायला लागायचे आणि आम्ही गालातल्या गालात हसायचो. वखारींच्या उघड्या दारांतून तंबाखूचा वास रस्त्यावर यायचा, सुगीत तिखट, पावसाळ्यात ओलसर आणि गोडूस. आमच्या घरात त्याला बिड्यांसाठी भिजवलेल्या टेंभुर्णीच्या पानांचा वास मिळायचा. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं सकाळी सोडली की तळ्याकाठी गेल्यासारखं वाटे. माझ्या दप्तराला तो वास होता, रिबिनींना होता, भाकरीच्या फडक्यालाही होता. बेळगावच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं एकदा पदर नाकाला लावला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो मलाही आहे.

उद्या आई माझ्याकडं राहायला बेळगावला येणार. वडगावात मी दोन खोल्या घेतल्या आहेत, तिथून माझं कॉलेज जवळ. मी तिथं फ्रेंच शिकवते. आईची बोटं आता वळत नाहीत, म्हणजे बिडी वळत नाहीत. बाकी सगळं करतात. आज दुपारी ती भांडी पोत्यात भरत होती, मी ट्रंक उपसत होते, आणि दारात शेवंताआक्का आपलं सूप मांडीवर घेऊन बसली होती. निरोपाला म्हणून आली होती, पण रिकाम्या हातानं बसणं तिला जमत नाही.

शेवंताआक्का आमची शेजारीण. आईपेक्षा मोठी. आमच्या दारात बायका जो गोल करून बिड्या वळायला बसायच्या, त्या गोलात भिंतीकडची जागा तिची. तिला अक्षर येत नाही. आमच्या घरातलं एकूण एक पत्रक मात्र तिला पाठ होतं.

आमच्या घरात पत्रकं पिठामिठासारखी असायची. आप्पा, माझे वडील, मोर्चातून, सभेतून आणायचे, छापखान्यातून उरलेली आणायचे. गुलाबी, पिवळी, पोपटी. फळीवर तीच अंथरलेली, वह्यांना तीच घातलेली, निळ्या कोटातल्या फोटोच्या काचेमागंही एक सरकवलेलं. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'कामगार' या शब्दावर. 'बंधू आणि भगिनींनो' ही माझी पहिली कविता. आजही मला कुणी हळू आवाजात न्याय मागताना दिसलं की हात शिवशिवतात, वाटतं याला एक कागद द्यावा आणि सांगावं, मोठ्यानं वाच.

मोठ्यानं वाचणं हे माझं काम होतं. दुपारी शाळा सुटली की मी उंबऱ्यावर बसायची आणि पत्रक वाचायची. बायका वळत ऐकायच्या. कात्रीचा आवाज थांबायचा नाही, बोटं थांबायची नाहीत, फक्त बोलणं थांबायचं. वाचून झालं की प्रत्येकीनं आपल्या सुपातली एक मूठ बिड्या उचलून आईच्या सुपात टाकायच्या. पोरगी वाचत बसली म्हणजे तिचे दोन हात घरच्या कामातून गेले, ते सगळ्यांनी मिळून भरून काढायचे, असा तो रिवाज. 'वाचणारीची मूठ' म्हणायच्या त्याला. कुणी सुरू केला ठाऊक नाही. कुठल्या पत्रकात तो छापलेला नव्हता, पण मी वाचलेल्या सगळ्या पत्रकांत जे होतं ते त्या मुठीत होतं, असं मला आता वाटतं.

त्या रिवाजाला एक दुसरी बाजू होती. वाचणारीनं ओळ गाळली, किंवा मनचं घुसडलं, तर मूठ परत. आणि ती तिनं स्वतः वळून द्यायची. एका उन्हाळ्यात मला ठिकरीचा डाव खेळायला जायचं होतं, म्हणून मी एक लांबलचक परिच्छेद उडवला. शेवंताआक्कानं मान वर न करता विचारलं, "कागद येवढा मोठा आन् वाचन येवढंसंच?"

"झालं की, आक्का."

"दावू."

मी कागद दाखवला. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं कागदावर बोट ठेवून, मी कितीदा श्वास घेतला होता त्या मापानं ओळी मोजल्यासारखं केलं आणि बरोबर त्या परिच्छेदावर थांबली. "हे ऱ्हायलं," म्हणाली. ठिकरीचा डाव तिथंच राहिला. संध्याकाळपर्यंत मी तिच्या शेजारी बसून बिड्या वळल्या, आणि तिनं माझ्या जवळजवळ सगळ्या उलगडून तंबाखू परत सुपात झटकला. दर वेळी एकच शब्द : "पुन्यांदा."

फ्रेंच फार नंतर आलं. मी कॉलेजात होते. शनिवारी सकाळी निपाणीहून लाल बस धरायची, तवंदीचा घाट, मग संकेश्वर, हत्तरगी, आणि बेळगाव. कॅम्पात एका जुन्या बैठ्या घराच्या व्हरांड्यात आमचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त होत्या, कॉटनच्या स्कर्टवर शाल घ्यायच्या, आमच्याशी कोकणीच्या हेलातलं मराठी बोलायच्या आणि मांजराशी फ्रेंच. समोर पेरूचं झाड होतं. फळ कौलांवर पडून घरंगळत खाली यायचं आणि बाई वाक्य अर्धं सोडून ते थांबेपर्यंत ऐकायच्या. वर्गातल्या कुणाला कॅनडाला जायचं होतं, कुणाला विमान कंपनीत. मला कुठंच जायचं नव्हतं. मला जगातल्या दुसऱ्या टोकाची पत्रकं वाचायची होती. तिथल्या कामगारांनी काय मागितलं होतं, कुठल्या शब्दांत मागितलं होतं, ते मला त्यांच्याच तोंडून हवं होतं.

त्या वर्षी पेरू संपता संपता बाईंनी आम्हाला अँपार्फे शिकवला. तो भूतकाळ जो कधी सुरू झाला, कधी संपला, ते सांगत नाही. जायचो, यायचो, बसायचो, हसायचो. जे एकदा घडलं ते नाही, जे घडत राहायचं ते. बाई फळ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "आठवणी सांगायला माणसाला हाच काळ लागतो. अपघात सांगायला दुसरा." मग कृती सांगितली. वर्तमानातलं 'आम्ही'चं रूप घ्यायचं. त्याचं शेपूट कापायचं. जे उरेल त्याला नव्या शेपट्या लावायच्या. म्हणजे 'मी काय करायचे' हे सांगायचं असलं तरी आधी 'आम्ही'कडं जावं लागतं. मी त्या वाक्याखाली वहीत दोन रेघा मारल्या आहेत. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला याहून सुंदर व्याकरण कोण देणार होतं?

बाईंनी सांगितलं, पुढच्या शनिवारी प्रत्येकानं आपलं एक क्रियापद निवडून चालवून आणायचं. सरळ, नियमानं चालणारं. बहुतेकांनी गाणं, नाचणं, प्रवास करणं आणलं. मी शब्दकोश चाळला आणि 'रुले' आणलं. वळणं, गुंडाळणं. खाली उदाहरण होतं सिगारेट वळण्याचं. बिडी फ्रान्सला माहीत नव्हती, पण बोटं तीच होती.

घरी येऊन मी उंबऱ्यावर बसून पुटपुटत पाठ करायला लागले. शेवंताआक्कानं ऐकलं.

"काय गं, मंत्र घालतीस व्हय आमच्यावर?"

"फ्रेंच हाय, आक्का."

"मग मोठ्यानं म्हण की. मूठ पडती तुज्या नावाची. ऐकू तरी येऊ दे."

मी म्हटलं. ज रुलॅ, त्यु रुलॅ, इल रुलॅ, नू रुलिओं, वू रुलिए, इल रुलॅ. मी वळायचे, तू वळायचीस, तो वळायचा, आम्ही वळायचो, तुम्ही वळायचा, ते वळायचे. आई हसली. पदर तोंडाला लावून हसणं तिचं नव्हतं, ती मान मागं टाकून हसायची.

"मी, तू, त्यो आन् त्ये, समद्यांला एकच की गं," आक्का म्हणाली. लिहिताना शेपट्या वेगळ्या असतात, कानाला मात्र चारही सारख्या. तिच्या कानानं ते पहिल्याच फेरीत पकडलं होतं. "लई न्यायाची भाषा दिसती. कुणाला कमी न्हाय, जास्त न्हाय."

"आन् आम्ही-तुम्ही तेवढं न्यारं," आई म्हणाली.

"ते न्यारं असणारच. आम्ही म्हणायला दम लागतो."

मी अर्थ सांगितला. रोज व्हायचं ते सांगायचा हा काळ, म्हटलं. आक्कानं पान कापता कापता मान डोलावली. "म्हंजे आमचाच की."

त्या हिवाळ्यात आमच्या दारात ते क्रियापद चालायला लागलं. बिडीला सहा हालचाली : पान, चिमूट, वळ, मुडप, दोरा, सूप. क्रियापदाला सहा रूपं. कुणी ठरवलं नाही, ते आपोआप जुळलं. ज रुलॅवर पान हातात यायचं, नू रुलिओंवर टोक मुडपलं जायचं, शेवटच्या इल रुलॅवर बिडी सुपात पडायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एका म्हाताऱ्यानं आईला कानडीत विचारलं की ही कुठल्या देवीची आरती, तर तिनं कानडीतच सांगितलं, "परीक्षेची." ऊन भिंतीवरून उतरत उंबऱ्यापर्यंत यायचं, पितळी तांब्यातलं पाणी कोमट व्हायचं, आणि सहा रूपं फिरत राहायची. बाईंनी मला एकदा विचारलं, तुझे उच्चार एवढे घटवून कोण घेतं? मी म्हटलं, घरचे.

रोज मूठ पडत होती. तेवढ्या महिन्यांत मी एकही बिडी वळली नाही.

तोंडी परीक्षा पुण्याला होती. परीक्षकासमोर बसून आपल्या लहानपणाबद्दल बोलायचं. मी सगळं लिहून नेलं होतं. ते या वहीत आहे, बाईंनी तपासलेलं, कडेला त्यांची बारीक बरोबरची खूण. माझी आई बिड्या वळायची. शेजारच्या बायका आमच्या दारात बसायच्या. मी त्यांना वाचून दाखवायची. त्या मला एक मूठ द्यायच्या.

बाहेर बाकावर माझ्याआधीच्या मुली एकमेकींना आपली लहानपणं म्हणून दाखवत होत्या. एकीचं डोंगरावरच्या बंगल्यातलं होतं, एकीचं पियानोचं. मी माझ्या बाहीचा वास घेतला. मग माझं नाव पुकारलं. परीक्षक भला माणूस होता, हसला, म्हणाला, लहानपणाबद्दल सांगा. आणि मी सांगितलं, माझी आई शाळेत शिकवायची. आमच्या घरी बाग होती. रविवारी आम्ही गाणी म्हणायचो. एकही शेपूट चुकलं नाही. तो म्हणाला, छान, फार छान.

परतताना निपाणीला न उतरता मी पेढ्यांच्या जागी कुंदा घ्यायला पुढं बेळगावला गेले आणि मग उलटी निपाणीची बस धरली. निकाल लागायचा होता, पण पास होणार हे मला ठाऊक होतं. बायकांनी काम थांबवलं. ते क्वचितच व्हायचं. तंबाखूची बोटं लुगड्याला पुसून त्यांनी कुंदा हातावर घेतला, आणि शेवंताआक्कानं विचारलं, "इचारलं काय त्यांनी?"

"लहानपणाचं."

"मग? आमचं सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"गेलं बग आपलं नाव फ्रान्सला," आक्का आईला म्हणाली. आईनं आपल्या वाटणीचा कुंदा निळ्या कोटातल्या फोटोपुढं ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग खाल्ला.

त्यानंतर मी बरंच लिहिलं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर लिहिलं, सभांतून बोलले, इतरांच्या खोटेपणावर तर फारच स्पष्ट बोलले. माझी स्वतःची पत्रकं निघाली, त्यांतलं एक शेवंताआक्कानं शेजारच्या मुलीकडून तीनदा वाचून घेतलं. दर वर्षी माझ्या वर्गात अँपार्फेचा धडा येतो. फळ्यावर मी 'गाणं' चालवून दाखवते. 'वळणं' कधी घेतलं नाही.

तर आज दुपारी वही माझ्या मांडीवर होती. मधल्या पानांवर तंबाखूच्या बोटांचे तपकिरी ठसे. आक्का तेव्हा वहीचं पान उलटून बघायची, तिला त्या रकान्यातल्या शेपट्यांची रांग आवडायची, मुंग्यांगत हाय म्हणायची.

"तीच वही व्हय?" तिनं दारातून विचारलं.

"तीच."

"म्हण की मग. त्या परीक्षेत आमचं काय सांगितलंस ते. येवढी सालं झाली, कधी ऐकवलं न्हाईस. उद्या तुजी आई गेल्यावर मला कोण ऐकवंल?"

पान समोर होतं. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझी आई बिड्या वळायची. शेजारच्या बायका आमच्या दारात बसायच्या. बाईंची बरोबरची खूणही होती. आक्कानं समाधानानं मान हलवली असती, आईनं भांडी भरली असती, आणि उद्या सकाळी टेम्पो आला असता. मी पहिला शब्द तोंडात घेतला. आक्काची बोटं चालू होती, पण कान माझ्याकडं लागलेला होता. तो कान मी ओळखते. तो श्वासांवरून ओळी ओळखतो.

मी वही मिटली.

"आक्का, हे लिवलं व्हतं. पर तिथं म्हटलं न्हाय."

"मग काय म्हटलंस?"

"आई शाळेत शिकवती असं म्हटलं."

बोटं थांबली. आत पोत्यात जाणारं पातेलं मधेच राहिलं. बाहेर हायवेवरच्या गाड्यांचा आवाज ऐकू यायला लागला, तो दिवसभर असतो, पण ऐकू येत नाही.

"कुठल्या शाळेत?" आईनं विचारलं. आवाज साधा होता.

"नाव न्हाय सांगितलं."

"आन् काय शिकवायची मी?"

"त्यांनी इचारलं न्हाय."

"इचारायला पायजे व्हतं," आई म्हणाली. पातेलं तिनं पोत्यात ठेवलं, हळू, आवाज न करता. "कुंदा खाल्ला की गं आम्ही त्येच्यावर."

मी म्हणणार होते की मी लहान होते. पण लहान नव्हते. मी म्हणणार होते की त्या बाकावर तो वास. पण त्या वासावर मी भाषणं केली आहेत. मी वही खाली ठेवली.

शेवंताआक्कानं मांडीवरचं सूप उचललं आणि आमच्या दोघींच्या मधे, फरशीवर ठेवलं. डब्यातली कापलेली पानं माझ्याकडं सरकवली.

"बस," ती म्हणाली. "मूठ परत."

मी बसले. आक्कानं पुढं सरकून मला आपली भिंतीकडची जागा दिली. मी पान घेतलं. ते ओलसर होतं आणि आठवणीतल्यापेक्षा पातळ. चिमूट जास्त झाली. वळताना पान फाटलं. दुसरं घेतलं, ते फाटलं नाही, पण मुडपलेलं टोक उघडं राहिलं. आक्कानं बिडी दोन बोटांत फिरवून पाहिली, नखानं दोरा सोडला, तंबाखू सुपात झटकला आणि पान बाजूला टाकलं.

"पुन्यांदा."

आता ऊन भिंतीवरून उतरून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. घर जवळजवळ रिकामं, त्यामुळं सगळे आवाज मोठे येत होते. मी तिसरी बिडी घेतली. मला दोन हात पुरेनात, म्हणून दोऱ्याचं टोक दातांत धरलं. माझ्या मागं आई पोत्याचं तोंड बांधत होती. गाठ मारता मारता तिनं सुरू केलं, आमच्याकडं न बघता, एखादी जुनी ओवी आठवावी तसं.

"ज रुलॅ. त्यु रुलॅ. इल रुलॅ."

तिथं ती थांबली. पुढचं, 'आम्ही'चं रूप, तिला येत नव्हतं असं नाही. तिनं पोतं सोडलं, उभी राहिली, आणि वाट बघत राहिली. आक्काही वाट बघत होती.

दोरा माझ्या दातांत होता. मी तो सोडला आणि म्हटलं, "नू रुलिओं."

बिडी हातातच उलगडली. तंबाखू मांडीवर सांडला, आणि त्याचा वास वर आला.

"पुन्यांदा," आक्का म्हणाली, आणि दुसरं पान पुढं केलं.